वर उजवी सहा

१ सप्टेंबर, सोमवार

तळघराची किल्ली गेली. हिने मागितली आणि मी मुकाट्याने काढून दिली — कमाल आहे माझी!

महिना संपला की हे घर सोडायचं. लेकीच्या जवळचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. फ्लॅटला तळघर नसतं हे मला कळत नाही असं नाही. पण तिथल्या स्वयंपाकघरात भिंतीतलं एक कपाट आहे आणि त्यात माझ्या निम्म्याच बाटल्या मावतील, हे काही केल्या गळी उतरत नाही. ही म्हणाली, "आधी खाली काय काय आहे ते नीट लिहून काढा. मग न्यायच्या कुठल्या आणि काढायच्या कुठल्या ते ठरवा. यादी झाली की किल्ली परत." मी विचारलं, किल्लीशिवाय यादी कशी करू? "मागायची. देईन."

मी म्हटलं, सगळ्या बाटल्या मला तोंडपाठ आहेत. "मग लिहायला वेळ लागणार नाही." ही जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली. हिच्याशी वाद घालताना मला अजून बाकावर उभं केल्यासारखं वाटतं.

आणि वर एक अट. निघायच्या आदल्या संध्याकाळी खालची एक बाटली उघडायची. दोघांनी बसून प्यायची. "शब्द द्या." दिला. आता पस्तावतो आहे.

ही अधूनमधून विचारते — आज एक उघडायची का? लेकीचा निकाल लागला तेव्हा विचारलं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा विचारलं. दवाखाना विकून, कुलूप लावून मी घरी आलो त्या संध्याकाळीही विचारलं. मी दर वेळी सांगतो, अजून तयार नाही. खोटं सांगत नाही. चांगल्या वाईनला वेळ द्यावा लागतो, लोकांना धीर नसतो. त्या संध्याकाळी आम्ही चहा घेतला.

२ सप्टेंबर, मंगळवार

वाईनची यादी कशी करतात ते पुस्तकात पाहिलं. देश, साल, द्राक्षाची जात, कुठून घेतली. आखलेल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि हात अडला. मग हात आपणच जुन्या वळणावर गेला. मी दाताचा डॉक्टर. मला दुसरी यादी येत नाही.

आणि खालची बाटल्यांची मांडणी दातांसारखीच तर आहे! सुताराने विचारलं होतं, घरं किती करू? मी म्हटलं बत्तीस. "तीस करा, लाकूड वाचेल." मी ऐकलं नाही. वर सोळा, खाली सोळा. मधल्या खांबाच्या अलीकडे आठ, पलीकडे आठ. मधून बाहेर मोजत जायचं — एक, दोन, तीन, शेवटी आठ, म्हणजे अक्कलदाढ.

आमच्यात उजवं-डावं पेशंटचं धरतात, आपलं नाही. पेशंट समोर तोंड उघडून बसलेला असतो, तेव्हा त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांचा घोळ होतो, पुढे जन्मात होत नाही. तर माझी मांडणी म्हणजे समोर आ करून बसलेला पेशंट. तिची उजवी माझ्या डाव्या हाताला. झाली यादीची सोय.

सबंध आयुष्यात मी चुकीचा दात कधी काढला नाही. एकसुद्धा नाही. हे सहज लिहून ठेवतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

तपासणी सुरू. जुना ॲप्रन घातला. पोटावर बंद पोचेनात, मागून कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. कपाळाला दिवा, हातात छोटा आरसा आणि टोकेरी सळई.

वर डावी तीन — बूच हलतं. वर डावी पाच — बुचावरची लाख सुटली आहे, हिरड्या सुटतात तशी. खाली डावी चार — काळा डाग, वरवरचा, पुसून निघाला. खाली उजवी दोन — किंचित वाकडी, जन्मापासून. वर उजवी सहा — निरोगी, देखणी, हात लावायचं काम नाही.

बाटल्या आडव्या आहेत, तोंडं बाहेर. लेबलं आत लाकडाशी. त्यांना फिरवायचं नाही, हलवायचं नाही, असा माझा दंडक आहे. झोपलेल्या माणसाला कुणी फिरवून बघत नाही.

ही जिन्यात येऊन उभी राहिली. "कोण आहे खाली?" म्हटलं, कुणी नाही. "मग चूळ भरा असं कुणाला म्हणालात?"

५ सप्टेंबर, शुक्रवार

वर उजव्या सहाबद्दल लिहायला हवं. तिला मी मनात महाराज म्हणतो.

सहा नंबरची दाढ ही तोंडातली पहिली पक्की दाढ. लहानपणी न सांगता येते, दुधाचा कुठलाही दात न पाडता मागे येऊन बसते आणि सगळं तोंड आपल्या जोरावर धरून ठेवते. म्हणून महाराज तिथे. एका वाईनच्या व्यापाऱ्याची कवळी मी केली होती. दुसऱ्यांनी केलेल्या तीन कवळ्या त्याला बसल्या नव्हत्या. माझी घालून तो दवाखान्यातच सफरचंद चावला आणि रडला. दुसऱ्या दिवशी ही काळी बाटली घेऊन आला. म्हणाला, "डॉक्टर, घाई करू नका." आणखीही काही म्हणाला होता. आता आठवत नाही.

मी घाई केली नाही. कधीकधी जेवण झाल्यावर खाली जायचो, नुसता तिच्यासमोर उभा राहायचो आणि वर यायचो. महाराज खाली आहेत म्हटलं की मला वर बरं वाटायचं. आता त्या संध्याकाळी ही जर म्हणाली की हीच उघडा, तर? शब्द तर देऊन बसलो आहे.

७ सप्टेंबर, रविवार

लेक आणि जावई आले होते. जावयाने मोबाइलवर काहीतरी दाखवलं. लेबलाचा फोटो काढला की वाईन कुठली ते आपोआप कळतं म्हणे. माझा दंडक मोडून त्याने तीन बाटल्या बाहेर काढल्या. मी डोळे मिटून घेतले.

मेहुण्याने, म्हणजे हिच्या भावाने, दिलेली माशाच्या आकाराची बाटली — मोबाइल म्हणाला, भांडी घासायचा द्रवसाबण. आम्ही घरी केलेली जुनी बाटली — इंजिन ऑइल, वापरलेलं. महाराजांवर मोबाइल बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, ओळखता आलं नाही, क्षमस्व.

"बाबा, काहीतरी खास असणार ही," जावई म्हणाला. पोरगा समजूतदार आहे.

लेक वर हिच्या कानाशी लागली. मला ऐकू आलं. "आई, बाबा बाटल्यांना भूल देतात का गं?"

९ सप्टेंबर, मंगळवार

दाढ दुखते. बाटली नव्हे. माझी.

१० सप्टेंबर, बुधवार

आज निवड. न्यायच्या त्या सगळ्या उजवीकडे आणल्या, काढायच्या त्या डावीकडे. हलवाहलवी मोजकीच झाली, कारण माझ्या हाताने पहिल्यापासून ती आपोआप तशीच होत आली होती. उजवीकडे मानाच्या. प्रत्येकीचं नाव पुस्तकात सापडतं. डावीकडे बाकीचा बाजार.

खाली डावी आठ — मेहुण्याचा मासा. अक्कलदाढ. कुणाला नको, उगीच जागा अडवते.

खाली डावी तीन — टायर पंक्चर झालं तेव्हा पेट्रोल पंपावरून घेतलेली. पावसात चार तास अडकलो होतो, ही आणि मी. दुकानात वाईन आणि काच पुसायचं फडकं एवढंच शिल्लक होतं. दोन्ही घेतलं.

वर डावी चार — लेकीचा पहिला दात पडला त्या दिवशीची. दात मी काढला नाही, आपण होऊन पडला. तरी ती मला फी विचारायला आली होती.

वर डावी एक — आमची घरची. दवाखान्याच्या पहिल्या वर्षी केली होती, औजारं उकळायच्या डब्यात! द्राक्षं स्वस्त झाली होती आणि डबा रात्री रिकामाच असायचा. मदतनीस ठेवायची तेव्हा ऐपत नव्हती. शाळा सुटली की ही यायची, खुर्चीशेजारी स्टुलावर बसायची आणि मी तोंडात बघून सांगेन ते लिहायची. शेवटचा पेशंट गेला की आम्ही डब्याचं झाकण उघडून द्राक्षं दाबायचो. बाटलीवर हिच्या अक्षरात लिहिलं आहे — "चाखू नये". म्हणजे कुणी दुसऱ्याने.

ही खाली आली होती. फडक्याने ती बाटली पुसत म्हणाली, "ही पण?" मी म्हटलं, पहिली तीच काढायची. वाईन म्हणवत नाही तिला. हिने पुसून झाल्यावर ती जागेवर ठेवली.

निवड करणं म्हणजे मन घट्ट करणं. मी ते आयुष्यभर करत आलो आहे. ज्या दाताला भविष्य नाही, त्याच्याशी गप्पा मारत बसायच्या नसतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

दाढेने डोकं वर काढलं आहे. लवंगेचं तेल लावून बसलो.

आरशात बघून कुठली ते ठरेना. वरची, एवढं नक्की. पण आरशातला मी म्हणजे माझा पेशंट. त्याची उजवी ती माझी उजवी असायला हवी — पण आरशात ती माझ्या उजव्याच हाताला दिसते, डाव्या नव्हे. मग हा पेशंट समोर बसला आहे की माझ्याच जागी? डोकं गरगरलं. आरसा पालथा घातला.

ही म्हणते, दवाखान्यात जा. माझाच दवाखाना, आता हसऱ्याचा आहे. हसरा म्हणजे ज्याने तो घेतला तो तरुण डॉक्टर. पाटीवर स्वतःचा हसरा फोटो लावला आहे. छतावर माशांची टाकी बसवली आहे, पेशंटला आडवं पडून मासे बघता यावेत म्हणून. माझ्या छतावर पापुद्रे होते. लोक ते बघत पडायचे आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तिथे मी जाणार नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

यादी पूर्ण. सुवाच्य अक्षरात, तपासणीसह. हिच्यापुढे ठेवली. हिने सगळी वाचली, पानं उलटून उलटून. "छान झाली," म्हणाली, आणि किल्ली परत दिली. उगाच धास्तावलो होतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काढायच्या बाटल्या मेहुणा नेतो म्हणाला. फोनवर ओरडत होता — त्याला वाटतं फोन दूर असतो. "भाऊजी, कुठल्याही द्या! आपल्याला काय, बर्फ आणि सोडा घातला की सगळ्या सारख्याच!" हे वाक्य ऐकून दाढेत कळ गेली.

उद्या तो गाडी घेऊन येणार. नेमकं उद्याच मला जावयाबरोबर नव्या फ्लॅटमधलं कपाट मोजायला जायचं आहे. ही म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे ना. चिठ्ठी तेवढी लिहून ठेवा." चिठ्ठी लिहिली. काढणे — वर डावी एक ते आठ, खाली डावी एक ते आठ. खाली सही केली, सवयीने.

२० सप्टेंबर, शनिवार

जमेल तसं लिहितो.

कपाटाचं माप घेऊन खुशीत परतलो. सोळा अगदी बेताच्या बसतात. मेहुण्याची गाडी निघून गेली होती. ही ओट्याशी काहीतरी चिरत होती. "झालं का?" म्हटलं. "झालं." तळघरात उतरलो, दिवा लावला.

माझ्या डाव्या हाताची बाजू रिकामी. मांडणीची उजवी! वर उजवी एक ते आठ रिकामी, खाली उजवी एक ते आठ रिकामी. सहाच्या घरात नुसता अंधार. आणि पलीकडे मासा, पेट्रोल पंप, इंजिन ऑइल — सगळी मंडळी जागच्या जागी, सुखरूप.

मी खालच्या पायरीवर बसलो. ही जिन्यात आली. "काय झालं?" मी बोटाने दाखवलं. "चिठ्ठीत डावी लिहिलं होतंत," ही म्हणाली. "भाऊ काढत होता, मी वाचून दाखवत होते."

हिच्या डाव्या हाताची बाजू. अर्थातच. हिने उभा जन्म नकाशे वाचले. नकाशात डावं ते डावंच. त्यात समोर तोंड उघडून बसलेलं कुणी नसतं. तोंडं बाहेर होती, लेबलं आत. कुठली बाटली कुठली हे कळणार कसं? आणि मेहुण्याला लेबल समोर धरलं असतं तरी कळलं नसतं.

अख्ख्या आयुष्यात चुकीचा एक दात काढला नाही. आज एका दमात सोळा.

मेहुण्याला फोन लावला. उचलत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी बस पकडून मेहुण्याच्या घरी गेलो. गॅरेजमधून हसण्याचा आवाज येत होता. रविवारी त्याच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळाचा मेळावा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅकसूट घातलेली पंधरावीस माणसं, हातात कागदी पेले. मध्ये कपडे भिजवायचा निळा टब. टबात लालसर काहीतरी, त्यावर संत्र्याच्या चकत्या आणि बर्फ.

मी टबाकडे बघत उभा राहिलो.

"या भाऊजी!" मेहुण्याने मिठी मारली. "सगळ्या एकत्र केल्या. भांडण नको — कुणाला कमी, कुणाला जास्त." भिंतीशी रिकाम्या बाटल्या ओळीने. खाली उजवी दोन, किंचित वाकडी. खाली उजवी पाच. वर उजवी तीन. ओळख पटवायला बोलावल्यासारखा मी एकेकीपुढे थांबत गेलो. एक टकले गृहस्थ म्हणाले, "झकास झालंय, साखर थोडी कमी पडली." एक बाई म्हणाल्या, आलं किसून घातलं असतं तर.

माझ्या हातात पेला कोंबला. प्यायलो. प्यायलो नसतो तर जन्मभर हळहळलो असतो. चव आली ती फक्त लवंगेच्या तेलाची.

मी विचारलं, एक काळी होती, जुनी. तिचं काय केलं? मेहुणा गंभीर झाला. "तिचं बूच मोडलं हो. चहाच्या गाळणीने गाळून घेतली. नाकाशी नेली तर शुद्ध व्हिनेगर. कधीच गेलेली ती, भाऊजी. वाया कशाला घालवायची म्हणून किटलीत उकळली." आत जाऊन किटली घेऊन आला, झाकण उघडून माझ्यापुढे धरली. "बघा. वर्षानुवर्षांचा क्षार निघाला. आरशासारखी झालीय."

किटलीत माझा चेहरा दिसत होता. फार लख्ख दिसत होता.

निघताना फाटकापर्यंत सोडायला आला. एरवी ओरडतो, आज हळू बोलला. "मी ताईला दोनदा विचारलं हो, नक्की ह्याच ना? भाऊजींच्या आवडत्या वाटतात, धूळ पुसलेली आहे. ती म्हणाली, चिठ्ठीत आहे तसंच कर." त्याचा दोष नाही. बिचाऱ्याने दोनदा विचारलं.

बसमध्ये आठवलं. व्यापारी तेव्हा म्हणाला होता, "डॉक्टर, घाई करू नका. पण विसरूही नका." मी विसरलो कुठे होतो? रोज आठवण काढत होतो. उघडायची तेवढी राहिली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस जेवण गेलं नाही. निम्मं दाढेमुळे.

हिचं तोंड उतरलेलं बघवेना. म्हणजे मला तरी ते तसं वाटलं. हिला मनातून खात असणार की आपण नवऱ्याच्या जन्माच्या ठेव्याचं वाटोळं केलं. म्हणून आज समोर बसवून नीट समजावून सांगितलं. तुझी काही चूक नाही. आमच्यात उजवं-डावं पेशंटचं धरतात. सामान्य माणसाला हे कळणं शक्य नाही. चूक माझी, मी चिठ्ठीत खुलासा करायला हवा होता.

ही गालाला हात लावून ऐकत होती. "असं होय," म्हणाली. "म्हणजे पेशंटचं उजवं ते आपल्या डाव्या हाताला?" मी पेन्सिलीने कागदावर तोंड काढून दाखवलं, बाण काढले, घरांना आकडे घातले. हिने कागद हातात घेऊन नीट पाहिला. "बाई गं, केवढा हा घोटाळा." मग उठून माझ्यासाठी चहा केला, आल्याचा.

किती चटकन समजलं तिला. शिक्षकाची बुद्धी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रिकाम्या सोळा घरांकडे बघून आलो. आता महाराज खाली नाहीत, तर वर कशाला बरं वाटायचं?

२७ सप्टेंबर, शनिवार

बांधाबांध. पुस्तकं गेली, भांडी गेली. उरलेल्या सोळा बाटल्या मी सफाईवाल्यांच्या गाडीत टाका म्हटलं. ही ऐकेना. एकेक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळत होती, तान्ह्या पोराला दुपट्यात गुंडाळावं तशी, आणि गुणगुणत होती. ही गुणगुणते कधी? लेक लहान असताना गुणगुणायची.

"अहो, ही पंक्चरवाली ना?" विचारत होती. "त्या फडक्याने तुम्ही माझे केस पुसले होतेत." मी म्हटलं, काच पुसायचं फडकं होतं ते. "हो, केसांना दोन दिवस साबणाचा वास होता." मग दातवाली गुंडाळली. मग मासा. मासा कागदात बसेना, शेपूट बाहेर राहिली. दोघं हसलो. हसताना दाढ अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं.

एक बाटली मात्र हिने गुंडाळली नाही. वर डावी एक, घरची. ती मांडणीतच ठेवली. मी विचारलं, ही का नाही? "शब्द दिलाय तुम्ही," म्हणाली. "विसरलात?"

उरलं काय आहे दुसरं? म्हटलं, ठीक आहे. पण अजून तयार —. तेवढ्यात दाढेने उरलेलं वाक्य खाल्लं.

२९ सप्टेंबर, सोमवार

गाल सुजला. सकाळी ही म्हणाली, "बस झालं. तोंड दाखवा." मी म्हटलं, तुला काय कळणार आहे त्यातलं? हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खोलीत एक स्टूल तेवढं बांधायचं राहिलं होतं. ते ओढून माझ्यासमोर बसली, टॉर्च लावला. "आ करा. आणखी. जीभ खाली." चमच्याच्या पाठीने गाल हलकेच बाजूला धरला. मला जरासुद्धा दुखलं नाही.

"वर उजवी सहा," ही म्हणाली. "मागच्या कडेचं फिलिंग सुटलंय. सातला काही नाही, पाच ठीक आहे."

चमचा काढला आणि म्हणाली, "चूळ भरा."

हट्ट सोडून हसऱ्याकडे गेलो. त्यानेही पाहून तेच सांगितलं — वर उजवी सहा, मागच्या कडेचं फिलिंग. अक्षर अन् अक्षर तेच. आडवा पडून मासे बघितले. एक पिवळा होता, तो माझ्याकडेच बघत होता. काम सुबक केलं पोराने, मान्य करतो. येताना वाटलं, हिची नजर या वयातही किती शाबूत आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

दाढ शांत आहे. सकाळी दात घासताना हात थांबला.

वर उजवी सहा. माझी उजवी. समोर बसलेल्या हिच्या डाव्या हाताला. ही क्षणभरही अडखळली नाही. अडखळेल कशी — पहिलं सबंध वर्ष स्टुलावर बसून तक्ते हिनेच लिहिले होते. चिठ्ठी हिला बरोबर कळली होती.

दिवसभर राग यायची वाट पाहिली. आला नाही. स्वतःची लाज वाटली, आणि हिच्याविषयी इतकी माया दाटून आली की भरलेल्या खोक्यावरच बसून राहिलो.

आत्ता संध्याकाळ आहे. खाली बूच निघाल्याचा आवाज झाला. जिन्यातून हाक येते आहे — "अहो, या. तयार आहे."